थेंब मोजणारा पाणी तपासणी किट: गटप्रकल्पासाठी घ्यावा का?

आधी मत सांगते, कारणं नंतर. हा किट एकेकट्या विद्यार्थ्याने वापरायचा असेल तर घेऊ नका. त्या कामाला प्रयोगशाळेतली ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची, खुणा असलेली काचनळी) कितीतरी चांगली. पण वर्गाचे गट पाडून, सगळ्यांना एकाच पाण्यावर कामाला लावून, आलेले आकडे एकमेकांसमोर मांडायची तयारी असेल तर जरूर घ्या. पाण्यावरचं संशोधन म्हणजे नक्की काय करतात, हे मुलांना या पेटीमुळे जितकं लवकर कळतं तितकं जर्नलमधल्या (प्रयोगवहीतल्या) ठरीव प्रयोगांनी कळताना मी पाहिलेलं नाही.

मी पदवीच्या वर्गांना ॲनालिटिकल केमिस्ट्री शिकवते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारचे किट बरेच जण बनवतात आणि आतली रसायनं थोड्याफार फरकाने तीच असतात. माझं म्हणणं यांतल्या बहुतेक किटना लागू पडेल.

पेटी कडक प्लास्टिकची, आत फोममध्ये प्रत्येक बाटलीला खाच. हार्डनेस (पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम), अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची क्षमता) आणि क्लोराइड थेंब मोजून. नायट्रेट, फॉस्फेट, लोह, फ्लोराइड आणि उरलेला क्लोरीन रंगाच्या तक्त्याशी जुळवून. शिवाय पीएचच्या पट्ट्या, टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) पेन आणि जिवाणूंसाठी एक छोटी बाटली, जिच्यातलं पाणी दूषित असेल तर काळं होतं. झाकणाच्या आत पत्रक चिकटवलेलं आहे. ते ओलं झालं की शाई पसरते, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा.

हार्डनेसची चाचणी या पेटीतली सगळ्यात जमलेली चाचणी आहे. नळीत ५ मिलिलिटर नमुना घ्यायचा, बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) पीएच १०च्या आसपास न्यायचा, इरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरची, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या रसायनाची, चिमूटभर पूड टाकायची. पाणी गडद लालसर होतं. मग ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणाऱ्या रसायनाचा एकेक थेंब टाकत जायचं आणि स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं. जितके थेंब पडले त्याला २० ने गुणा, झाला हार्डनेस, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिलिग्रॅम प्रति लिटर. २० नेच का, हे पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. मी तेच मुलांना पहिल्या तासाला विचारते.

उत्तर शोधायला त्यांना बाटलीवर छापलेली मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल, ते प्रमाण) वाचावी लागते. द्रावण ०.०२ मोलर, थेंब ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे एका थेंबात १ मायक्रोमोल ईडीटीए. तो १ मायक्रोमोल कॅल्शियम धरतो, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. हे ५ मिलिलिटर पाण्यात, म्हणून लिटरला २०. फळ्यावर हे मांडून झालं की वर्गातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘थेंब ०.०५ चाच पडतो कशावरून?’ या प्रश्नासाठी मी थांबलेली असते. तराजूवर रिकामं बीकर ठेवा, त्याच बाटलीत पाणी भरून २० थेंब टाका आणि वजन बघा. १ ग्रॅम भरायला हवं. एकाचं कमी भरतं, दुसऱ्याचं जास्त. मग बाटली सरळ उलटी धरली होती की तिरकी, किती जोरात दाबली, तोटीच्या टोकाला आधीचा थेंब लटकला होता का, अशी चर्चा सुरू होते. व्हायवाला ‘त्रुटींचे प्रकार सांगा’ म्हटलं की पाठ केलेली व्याख्या ऐकू येते. इथे तीच गोष्ट त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत सापडते.

दुसरी अडचण जांभळ्या रंगाची. लाल आणि निळा यांच्या मधे जांभळा टप्पा येतो आणि घाईतला गट तिथेच थेंबामागे थेंब टाकत सुटतो. शेवटाकडे अभिक्रिया हळू चालते, त्यामुळे निळा दिसेपर्यंत दोन-तीन थेंब जास्तीचे पडून गेलेले असतात. ५ मिलिलिटरच्या नमुन्यात तीन थेंब म्हणजे ६० मिलिग्रॅमचा फरक. आमचा नियम असा: जांभळा दिसला की हात थांबवायचा, नळी हलवायची, सावकाश दहापर्यंत मोजायचं, मग पुढचा थेंब. पाण्यात मॅग्नेशियम अगदीच कमी असेल तर या इंडिकेटरचा एंड पॉइंट (रंग बदलून थांबायची खूण) आणखी पुसट होतो. म्हणूनच प्रयोगशाळेच्या बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए घालतात. पत्रकात यावर एक ओळ तरी हवी होती.

आता हे आकडे एकमेकांसमोर मांडण्याबद्दल. मी प्रत्येक गटाला दोन बाटल्या देते, अ आणि ब. दोन्हीतलं पाणी जवळजवळ सारखं, पण तंतोतंत नाही. गटांनी आपापली दोन उत्तरं चिठ्ठीवर लिहून, घडी घालून द्यायची. शेजाऱ्याचा आकडा विचारायचा नाही. सगळ्या चिठ्ठ्या आल्यावर फळ्यावर आलेख काढायचा: आडव्या अक्षावर अ, उभ्यावर ब, आणि प्रत्येक गटाचा एक ठिपका. डब्ल्यू. जे. यूडन या संख्याशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रयोगशाळांची आपसात तुलना करण्यासाठी ही पद्धत मांडली. चुका निव्वळ योगायोगाच्या असतील तर ठिपके मधल्या बिंदूभोवती चहूकडे विखुरतात. गटाची काही ठरलेली सवय असेल तर ज्याचं अ जास्त येतं त्याचं ब सुद्धा जास्त येतं आणि ठिपके तिरक्या रेषेवर जाऊन बसतात.

आमचे ठिपके तिरक्या रेषेवर बसले. खडू माझ्या हातात होता आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे आम्ही कसंही चुकत नाहीये, एकाच दिशेला चुकतोय.’ तिच्या त्या वाक्यानंतर तासाची दिशा मला ठरवावी लागली नाही. रेषेच्या वरच्या टोकाचा गट आणि खालच्या टोकाचा गट समोरासमोर बसले, एकमेकांची पद्धत बघितली, थेंबांची वजनं पुन्हा घेतली. प्रत्येक गटाने स्वतःच्या थेंबाच्या वजनाने उत्तर दुरुस्त केलं आणि जांभळ्यावर थांबायला सुरुवात केली, तेव्हा ठिपके स्पष्टपणे एकमेकांच्या जवळ आले. ब्युरेटने हे इतक्या ठळकपणे दिसत नाही, कारण ब्युरेटमध्ये फरक लहान असतात. थेंब मोजणारा किट ढोबळ आहे, आणि शिकवताना त्याच्या ढोबळपणाचाच फायदा होतो.

याच वेळी मुलांना आणखी एक गोष्ट सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, नाहीतर त्यांना वाटतं की फक्त विद्यार्थ्यांचेच आकडे जुळत नाहीत. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकच नमुना तपासला तर निकाल किती पांगतात, याचा अंदाज देणारं सूत्र विल्यम हॉरविट्झ यांनी १९८० मध्ये मांडलं. त्यानुसार लिटरला १०० मिलिग्रॅमच्या पातळीवर सापेक्ष प्रमाण विचलन (निकाल सरासरीच्या किती टक्के विखुरतात ते) ८ टक्क्यांच्या आसपास अपेक्षित असतं, १ मिलिग्रॅमच्या पातळीवर १६ टक्क्यांच्या. पदार्थ जितका विरळ, तितकी सहमती अवघड. हे कळल्यावर मुलं आकड्यापुढे ‘अधिक-उणे’ लिहायला लागतात, आणि तेही न सांगता.

नायट्रेटची चाचणी बघायला सुंदर आहे आणि वाचायला कठीण. जस्ताची पूड नायट्रेटचं नायट्राइट करते आणि नायट्राइटपासून गुलाबी ॲझो रंग तयार होतो. ही पीटर ग्रीस यांची १८७९ची अभिक्रिया, आजही नायट्राइट मोजण्यासाठी तीच वापरतात. पत्रक म्हणतं, ठरलेला वेळ हलवा, ठरलेला वेळ थांबा, मग रंग बघा. हा वेळ पाळायलाच हवा. जस्ताला जास्त वेळ मिळाला तर ते नायट्राइटवरही काम करतं आणि रंग कमी पडतो. म्हणून गटातल्या एकाकडे घड्याळ सोपवते आणि त्याला दुसरं काहीही करू देत नाही.

तक्त्यावर रंगाचे चौकोन लिटरला ०, १०, २५, ५० आणि १०० मिलिग्रॅम असे आहेत. नळीतला रंग २५ आणि ५० च्या मधे कुठेतरी असतो, आणि मग एकजण ३० म्हणतो, दुसरा ४५. ट्यूबलाइटखाली वेगळा दिसतो, खिडकीशी वेगळा. कंपनीने तक्ता चकचकीत कागदावर छापला आहे, त्यामुळे उजेडाची तिरीप येते. हा खरोखर सहज टाळता येणारा दोष आहे. आम्ही नळीमागे पांढरा कागद धरतो, खिडकीच्या उजेडात बघतो, तिघांनी वेगवेगळं वाचून वेगवेगळं लिहायचं आणि मग मधला आकडा घ्यायचा.

एका गटाला हे पटेना. त्यांनी खोक्याला आतून पांढरा कागद लावला, आत नळी ठेवायला जागा केली आणि फोनने फोटो काढले. गुलाबी द्रावण हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून त्यांनी फोटोतल्या हिरव्या घटकाचाच आकडा घेतला. रंग न आलेल्या नळीच्या आकड्याशी त्याचं गुणोत्तर काढलं, त्याचा लॉगॅरिदम घेतला आणि माहीत असलेल्या प्रमाणांसमोर मांडला. सुरुवातीचे बिंदू सरळ रेषेत आले, पुढे रेषा वाकली. फोन स्वतःहून फोटो उजळतो हे लक्षात आल्यावर त्यांनी कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक केलं, आणि रेषा आणखी लांबपर्यंत सरळ राहिली. बिअर-लँबर्ट नियम (रंगीत पदार्थ जितका जास्त, त्याच प्रमाणात प्रकाशाचं शोषण जास्त) त्यांना आधी शिकवलेला होता. पण तो कुठपर्यंत चालतो आणि कुठून साथ सोडतो हे त्यांनी या खोक्यात शोधलं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. या पेटीत एकही प्रमाणित द्रावण नाही. ब्लँकसाठी, म्हणजे शोधायचा पदार्थ नसलेल्या तुलनेच्या नमुन्यासाठी, शुद्ध पाणी नाही. ज्या पाण्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे ते तपासल्याशिवाय तक्ता खरं सांगतो की नाही, हे कुणालाच कळणार नाही. कंपनीला विचारलं तर ‘ते वेगळं मागवा’ एवढंच उत्तर आलं. मागवायची गरज नाही, मुलांनाच बनवू द्या. वाळवलेलं पोटॅशियम नायट्रेट ०.१६३ ग्रॅम लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, की नायट्रेट आयन लिटरला १०० मिलिग्रॅम. निम्मं विरळ केलं की ५०, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा. हार्डनेससाठी १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून लिटर करा. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. हे पाणी मी नमुन्यांच्या रांगेत, इतरांसारखीच चिठ्ठी लावून, गुपचूप ठेवते. ज्या गटाचं त्यावरचं उत्तर ठीक येतं त्याच्या बाकीच्या उत्तरांवर वर्ग विश्वास ठेवतो. जिथे येत नाही तिथे सगळे मिळून कारण शोधतात.

ब्लँकचं महत्त्व फॉस्फेटने शिकवलं. मॉलिब्डेटची निळी चाचणी. शुद्ध पाण्यात रंग यायलाच नको. एका गटाचं ब्लँक निळं आलं. रसायन बिघडलं असेल म्हणून बाटली टाकायची वेळ आली होती. मग शेजारच्या गटाने त्याच बाटलीने स्वतःच्या नळ्यांत चाचणी केली, तर रंग नाही. नळ्या कशाने धुतल्या, ही विचारपूस झाली आणि डिटर्जंटवर बोट आलं. सौम्य आम्लाने आणि मग डिस्टिल्ड वॉटरने धुतल्यावर ब्लँक स्वच्छ झालं. एकच गट असता तर तळ्याच्या नावावर ते फॉस्फेट लागलं असतं.

गट पाडण्याची माझी पद्धत सरळ आहे. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये शाळेतल्या वर्गासाठी जी जिगसॉ पद्धत आखली, तीच पाण्याला लावली. एक गट हार्डनेस शिकतो, एक अल्कलिनिटी, एक क्लोराइड, एक नायट्रेट, असं करत. आपापल्या चाचणीत हात बसला की गट फोडायचे आणि नवे गट असे बांधायचे की प्रत्येकात प्रत्येक चाचणीचा एकजण असेल. कुणाकडेही संपूर्ण उत्तर नसतं आणि कुणाच्याही तुकड्याशिवाय पाण्याचं चित्र पुरं होत नाही. हुशार मुलाने सगळं ओढून करायचं आणि बाकीच्यांनी जर्नल उतरवायचं, हा प्रकार इथे चालतच नाही.

हे तुकडे जुळतात की नाही, ते तपासायला रसायनशास्त्राकडे स्वतःचीच कसोटी आहे. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, म्हणून धन आयनांची बेरीज आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबाने मोजलेल्या प्रमाणात) सारखी यायला हवी. एका विहिरीच्या पाण्याचा हिशेब देते. लिटरला मिलिग्रॅममध्ये अल्कलिनिटी (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) २५० म्हणजे ५ मिलिइक्विव्हॅलंट, क्लोराइड ७१ म्हणजे २, सल्फेट ४८ म्हणजे १, नायट्रेट ३१ म्हणजे अर्धा. ऋण बाजू ८.५. धन बाजूला सोडियम आणि पोटॅशियम मिळून २.५, आणि हार्डनेसच्या गटाने दिलेले ३६०, म्हणजे ७.२, बेरीज ९.७. फरक १.२, एकूण बेरीज १८.२, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून थोडा जास्त. ५ टक्क्यांच्या वर गेलं की कुठेतरी शंका घ्यायची. सगळ्यांच्या नजरा हार्डनेसकडे वळल्या. त्या गटाने दुसऱ्यांच्या देखत पुन्हा थेंब टाकले, जांभळ्यावर थांबून. १८ थेंबांऐवजी १५. म्हणजे ३००, म्हणजे ६, आणि धन बाजूही ८.५. वर्गात टाळ्या वाजल्या. मी त्या मुलांना हेही सांगितलं की दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हाही बेरीज जुळते, म्हणून जुळली एवढ्यावर थांबू नका. मग प्रमाणित द्रावणही तपासून घेतलं.

पण सोडियम, पोटॅशियम आणि सल्फेट या पेटीत नाहीत. सोडियम-पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटर (ज्योतीतल्या प्रकाशावरून मोजणारं यंत्र) लागला, सल्फेट बेरियम क्लोराइडने गढूळपणावरून काढलं. जाहिरातीत ‘पाण्याचं संपूर्ण विश्लेषण’ असं लिहिलेलं असतं. ते संपूर्ण नाही, आणि आयनांचा ताळेबंद मांडायचा असेल तर हे आधीच धरून चाला.

विरघळलेला ऑक्सिजनही पेटीत नाही. त्याची मला खंत नाही, कारण त्यासाठी विंकलर पद्धत शिकवायची संधी मिळते. लायोश विंकलर यांची १८८८ ची पद्धत: तळ्याकाठीच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकायचं, ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. मग प्रयोगशाळेत आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत द्रावण मोजून सोडणं). बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढं जपलं की झालं. हिरव्या पाण्याच्या तळ्यावर दुपारी एका गटाला लिटरला १३ मिलिग्रॅम आलं. २५ अंशांना हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात जेमतेम ८.३ मावतो, त्यामुळे त्यांनी आकडा खोडून टाकायचं ठरवलं होतं. पण पीएचच्या गटाला त्याच वेळी, त्याच जागी नेहमीपेक्षा बराच चढा पीएच मिळाला होता. दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि कोडं सुटलं. शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेत होतं म्हणून पीएच वर, आणि ऑक्सिजन सोडत होतं म्हणून तोही वर. मग मुलं स्वतःहून सूर्योदयापूर्वी तिथे गेली. ऑक्सिजन दुपारच्या मानाने फारच खाली होता, पीएचही उतरलेला. तळं एका आकड्यात सांगता येत नाही, हे त्यांच्या अहवालाचं पहिलं वाक्य होतं. मी ते लिहून दिलेलं नव्हतं.

किटमधल्या पीएचच्या पट्ट्यांनी हे दिसलं नसतं. त्या एकेक अंकाच्या फरकाने वाचता येतात. या कामाला काचेच्या इलेक्ट्रोडचा मीटरच हवा, आणि तोही दोन बफरवर बसवून घेतलेला. टीडीएसचा पेन खरं तर वाहकता मोजतो आणि साधारण ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या ठरीव गुणकाने गुणून आकडा दाखवतो. तो गुणक कोणता ते पेनावर लिहिलेलं नाही. मुलांना वाहकताच लिहायला सांगा.

एका सत्रात दुसऱ्या कॉलेजच्या सहकाऱ्यांशी ठरवून एकाच कॅनमधून भरलेल्या बाटल्या दोन्हीकडे तपासल्या. बाटल्या थंड ठेवल्या आणि नायट्रेट ४८ तासांच्या आत उरकलं. आमचा आकडा ४५ च्या जवळपास, त्यांचा १०. इकडच्या मुलांना वाटलं तिकडे चुकलं, तिकडच्यांना वाटलं इकडे. दोघांनी आपापल्या तक्त्यांचे फोटो पाठवले तेव्हा उलगडा झाला. आमचा तक्ता नायट्रेट आयन मोजतो, त्यांचा त्यातला फक्त नायट्रोजन. दोन्हींत ४.४३ पट फरक. १० गुणिले ४.४३ म्हणजे ४४.३, दोघेही बरोबर होते. आमच्या तक्त्यावर हे अगदी बारीक अक्षरात कोपऱ्यात छापलेलं आहे. ज्या आकड्यावरून लोक पाणी प्यायचं की नाही ठरवतात, त्याचं एकक इतकं दडवून छापणं मला मुळीच पटत नाही.

अशी आकड्यांची देवाणघेवाण नवी नाही. २०११ च्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्षात युनेस्को आणि आययूपॅक (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) यांनी जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी पाण्याचा एक सामायिक प्रयोग ठेवला होता. त्यात पीएच, खारटपणा, पाणी स्वच्छ करणं आणि सौर ऊर्ध्वपातन असे चार भाग होते आणि शाळाशाळांचे आकडे एकत्र केले गेले. मोठ्या व्यासपीठाची वाट न बघता दोन कॉलेजांतही हे करता येतं. अट एवढीच, की दोन्हीकडे तीच प्रमाणित द्रावणं आणि तीच चिठ्ठीची शिस्त हवी.

कचऱ्याबद्दल पत्रक म्हणतं, ‘वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओता.’ हे चूक आहे. क्लोराइडच्या चाचणीत पोटॅशियम क्रोमेट असतं, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम, कर्करोगकारक. शिवाय चांदीही असते. पाण्याच्या प्रदूषणावर प्रकल्प करायचा आणि क्रोमियम गटारात सोडायचं, हे मुलांसमोर होऊ नये. वेगळी, नाव लिहिलेली बाटली ठेवा. क्लोरीनच्या चाचणीसाठी डीपीडी हे रसायन वापरणारा किट निवडा. काही किटमध्ये अजून ऑर्थोटोलिडिन असतं, तो टाळा. आर्सेनिकचा जोडकिट मिळतो, पण त्यात आर्सिन हा विषारी वायू तयार होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद असतो. तो मी फक्त शेवटच्या वर्षाच्या मुलांना, हवेशीर जागी आणि माझ्या समोरच देते.

फ्लोराइडच्या चाचणीवर माझा भरवसा नाही. पाण्यात ॲल्युमिनियम असलं की रंग फसवतो, आणि १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आसपासच्या छटा डोळ्याला वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी आयन निवडक इलेक्ट्रोडच बरा. जिवाणूंची बाटली हो-नाही एवढंच सांगते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गाबरोबर जोडून केली तर ठीक.

बाटल्यांवरच्या मुदतीच्या तारखा बघून घ्या. आमच्या पेटीत इंडिकेटरची मुदत बाकीच्यांच्या बरीच आधी संपत होती. हार्डनेस, अल्कलिनिटी, क्लोराइड आणि नायट्रेट यांची रिफिल सुटी मिळते, ईडीटीएचं द्रावण तर वर्गातच बनवून प्रमाणित करता येतं. मी आता पूर्ण पेटी एकच ठेवते, गटांसाठी तेवढ्या चार चाचण्यांची रिफिल मागवते, आणि प्रत्येक ड्रॉपर बाटलीवर त्या बाटलीच्या २० थेंबांचं वजन मार्करने लिहून घेते. ते वजन दर सत्राच्या सुरुवातीला नव्या मुलांनी नव्याने घ्यायचं असतं.